परिपत्रकापासून फळ्यापर्यंत

जुहूचे नाव निघाले की समुद्रकिनारा, विमानतळ आणि चित्रपटकलावंतांचे बंगले एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र हा परिसर मोठा बोधप्रद आहे. जुहू तारा मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार असून तेथे शैक्षणिक तंत्रज्ञान व विशेष शिक्षण हे विभाग आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, जुहू-विलेपार्ले विकास योजनेच्या वसाहतीत, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अनुदानित शाळा आहेत आणि १९७१ मध्ये सुरू झालेल्या जमनाबाई नरसी शाळेसारख्या अन्य मंडळांशी संलग्न शाळाही आहेत. नेहरूनगरसारख्या वस्त्यांतील अनेक मुले महानगरपालिकेच्या शाळांत जातात. चालत अर्ध्या तासात पार करता येईल अशा या टापूत शिक्षणाच्या तीन-चार निरनिराळ्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदत आहेत.

अभ्यासक्रम, परीक्षा किंवा शिक्षकांच्या मूल्यमापनाची पद्धत बदलली, की ती वार्ता या शाळांत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचते. महानगरपालिकेच्या शाळेत ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघून विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांमार्फत मुख्याध्यापकांच्या मेजावर येते. अनुदानित माध्यमिक शाळेला सेवाविषयक बाबी शिक्षण निरीक्षकांकडून, तर परीक्षेविषयीच्या सूचना वाशी येथील विभागीय मंडळाकडून मिळतात. दिल्लीच्या मंडळांशी संलग्न शाळांचा व्यवहार थेट दिल्लीशी. या सर्वांच्या आधी, बहुधा आदल्या रात्रीच, मोबाइलवर कोणीतरी पाठविलेले एखादे अर्धवट पान शिक्षकांनी वाचलेले असते. शासन निर्णयावर संकेतांक छापलेला असतो आणि त्यावरून मूळ निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. परंतु तेवढी तसदी सहसा कोणी घेत नाही.

वाट कोणतीही असो, शिक्षकाचा प्रश्न एकच असतो : उद्या वर्गात नेमके वेगळे काय करावयाचे, आणि ते कशासाठी? ‘काय’ याचे उत्तर परिपत्रकात असते. ‘कशासाठी’ हे मात्र वाटेत कोठेतरी गळून पडते. गेल्या काही वर्षांतील बदलांचा मागोवा घेतला असता ही गळती कोठे व कशी होते, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

जुना अनुभव

शिक्षकांशी नियमितपणे बोलावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘शालापत्रक’ हे मासिक याच हेतूने चालत असे. कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी त्याचे संपादन केले होते. पुढील काळात ‘जीवन शिक्षण’ आणि माध्यमिक मंडळाचे ‘शिक्षण संक्रमण’ या मासिकांनी ते काम केले.

या परंपरेची खरी कसोटी लागली ती १९७० नंतरच्या दशकात. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) सुचविलेल्या दिशेने राज्याने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. नवा अभ्यासक्रम १९७२ मध्ये आठवीपासून लागू झाला, पुढील दोन वर्षांत तो नववी व दहावीत गेला आणि १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. जुन्या अकरावीची तुकडीही त्याच वर्षी बाहेर पडली. बदल मोठा होता. परंतु तो इयत्तेमागून इयत्ता असा चढत गेला. आठवीच्या शिक्षकाने नवे गणित व नवे विज्ञान एक वर्ष शिकविल्यावर मग नववीच्या शिक्षकाची पाळी आली. शाळेतल्या शाळेत अनुभव विचारण्याची सोय आपोआप झाली. पुढे बदलांचा वेग वाढला, तेव्हा ही सोय सर्वप्रथम नाहीशी झाली.

नोंदवही आणि मूल

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद होती. त्यानुसार राज्याने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी नवी पद्धती जाहीर केली. मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन भाग झाले. वर्षभर शिकता शिकता जे पारखावयाचे ते आकारिक, आणि सत्राच्या अखेरीस ते संकलित. पहिली-दुसरीत आकारिक भागाला ७० टक्के वजन होते. ते इयत्तेगणिक कमी होत सातवी-आठवीत ४० टक्के झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने ठरली. गुणांच्या जागी श्रेणी आली आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे ठरले.

कल्पना मोलाची होती. ‘आकारिक’ या शब्दातच आकार देणे आहे. समजा, तिसरीतील एका मुलाविषयी शिक्षिकेने लिहिले, ‘वाचन चांगले आहे’. तर या नोंदीचा पुढच्या शिक्षिकेला काहीच उपयोग नाही. तिने ‘जोडाक्षर आले की थांबतो, रफार ओळखतो, पण चंद्र, सूर्य या शब्दांतील र कोठे उच्चारावा याविषयी गोंधळतो’ असे लिहिले, तर सोमवारी सकाळी त्या मुलासाठी काय करावे हे नोंदीतच सांगितलेले असते. पहिल्या नोंदीत मुलाला शेरा मिळतो. दुसरीत शिक्षिकेलाच काम मिळते.

हा फरक किती शिक्षकांपर्यंत पोहोचला? प्रशिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेले : राज्यस्तरावरील तज्ज्ञांनी जिल्ह्यातील मार्गदर्शकांना, त्यांनी तालुक्याला वा शहर विभागाला, त्यांनी केंद्राला सांगितले. अशा प्रत्येक पायरीवर वेळ आखडतो. वेळ आखडला की प्रथम उदाहरणे वगळली जातात, नंतर कारणे, आणि शेवटच्या पायरीवर उरतात ते रकाने. तपासणीला येणारा अधिकारीही रकाना भरला आहे किंवा नाही हेच पाहू शकतो. तेही स्वाभाविकच, कारण त्याच्याही हाती तेवढेच आलेले असते. परिणामी छापील वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या बाजारात आल्या आणि त्यांवरून नोंदी उतरवून घेतल्या जाऊ लागल्या.

याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कायद्याने उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले. एक विषय चार तुकड्यांना शिकविणाऱ्या शिक्षकाकडे या हिशेबाने १४० मुले होतात. प्रत्येक मुलासाठी सत्रात अवघी दहा मिनिटे दिली, तरी तेवीस तासांहून अधिक वेळ केवळ नोंदींना लागतो. तो कोठून काढावा आणि त्याऐवजी कोणते जुने दप्तर बंद करावे, हे सांगितल्याखेरीज नवी सूचना पूर्ण होत नाही. नवे काम देताना जुने कोणते थांबले, हे सांगणारी परिपत्रके विरळाच.

वीस गुणांची गोष्ट

दुसरे उदाहरण दहावीच्या परीक्षेचे. २०१८-१९ मध्ये दहावीला नवा अभ्यासक्रम आला. भाषा विषयांत कृतिपत्रिकेचे स्वरूप आले आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून लेखी परीक्षा १०० गुणांची करण्यात आली. तोंडी परीक्षेत गुण सढळ हाताने दिले जातात, हा आक्षेप त्यामागे होता, आणि तो निराधार नव्हता. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता.

जुहूसारख्या ठिकाणी या घसरणीचा अर्थ अधिक तीव्रपणे जाणवणे अपरिहार्य होते. येथे एकाच इमारतीतील दोन मुले दोन मंडळांच्या शाळांत जातात आणि अकरावीला मात्र एकाच गुणवत्ता यादीत येतात. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण कायम होते, राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे गेले होते. पालकांनी जाब विचारला तो शाळेत, म्हणजे शिक्षकांना. परंतु गुण का काढले, निकाल किती खाली येणे अपेक्षित होते, प्रवेशाच्या वेळी तुलना कशी होणार, या प्रश्नांवर द्यावयाचे उत्तर शिक्षकांच्या हाती आधी आलेले नव्हते. शासनाने समिती नेमली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अंतर्गत गुण पूर्ववत करण्याचा निर्णय जाहीर झाला. तोपर्यंत जूनमध्ये सुरू झालेले नवे वर्ष दोन महिने पुढे गेले होते. १०० गुणांच्या हिशेबाने आखलेले नियोजन पुन्हा आखावे लागले.

२०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, त्यामुळे ही वाढ सर्वस्वी अंतर्गत गुणांची म्हणता येणार नाही. तरीही तीन वर्षांत ८९, ७७ आणि ९५ असे आकडे एकाच परीक्षेचे पाहिल्यावर, यांतून मुलांच्या तयारीविषयी काय कळले आणि मोजपट्टीविषयी काय कळले, हे वेगळे करून सांगणे आवश्यक होते. ते सांगितले गेले नाही, तर शिक्षक स्वतःपुरता एकच निष्कर्ष काढतो : थोडे थांबावे, हाही बदल जाईल. पुढील सुधारणेच्या वाटेत याहून मोठा अडसर दुसरा नसतो.

शिक्षकाची परीक्षा

मुलांच्या मूल्यमापनाचा निकाल शिक्षकाच्या वेतनाशी जोडला की प्रश्न आणखी नाजूक होतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि नियम १९८१ चे. त्या नियमांत गोपनीय अहवालाची तरतूद आहे आणि प्रतिकूल शेरा असल्यास तो कर्मचाऱ्याला लेखी कळविण्याचे बंधनही आहे. ज्याच्याविषयी मत नोंदविले त्याला ते कळले पाहिजे आणि त्यावर त्याला बोलता आले पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथमपासून मान्य आहे.

ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी व चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी यांसाठी नवी अट घातली. शाळा ‘शाळासिद्धी’मध्ये अ श्रेणीत असावी आणि नववी-दहावीच्या शिक्षकांचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक असावा, असे तिचे स्वरूप होते. शाळासिद्धी ही मुळात शाळेने प्रामाणिकपणे स्वतःचे उणे-अधिक पाहण्यासाठी योजलेली पद्धती. पाण्याची सोय, ग्रंथालय, शाळा व्यवस्थापन समिती अशा बाबीही तीत येतात. वेतनवाढ तिच्यावर अवलंबून ठेवल्यावर उणिवा मोकळेपणाने कोण लिहील? शिवाय इमारतीची दुरुस्ती एकट्या शिक्षकाच्या हाती नसते. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि २०१९ मध्ये ही अट मागे घेण्यात आली. ती घालण्यापूर्वी काही शाळांतील शिक्षकांशी चर्चा झाली असती, तर हा आक्षेप पहिल्याच बैठकीत पुढे आला असता.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेविषयी दिलेल्या निकालाने हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. ही परीक्षा महाराष्ट्रात प्रथम २०१३ मध्ये झाली. शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमले गेलेले आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेले शिक्षक यांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी, असे या निकालात म्हटले होते. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, मात्र पदोन्नती हवी असल्यास परीक्षा द्यावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या न्यायपीठाकडे विचारार्थ सोपविण्यात आला.

वीस-पंचवीस वर्षे वर्गात घालविलेल्या शिक्षिकेला हा निकाल ऐकताना जे वाटले असेल, ते केवळ परीक्षेचे भय नव्हे. आजवरच्या कामाचे काय, हा प्रश्न त्यात आहे. त्याचे उत्तर परिपत्रकात मावणार नाही. परंतु इतर प्रश्नांची उत्तरे मावतात. नियम कोणाला लागू, कोणाला नाही. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी १५० गुण, उत्तीर्णतेस ६० टक्के, मागास प्रवर्गांना ५५. परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. तिची पुढील तारीख कोणती, अर्ज कोठे करावा, तयारीसाठी वर्ग कोठे भरतील आणि शंका विचारावयाची तर कोणत्या अधिकाऱ्याला. एवढा मजकूर एका पानात बसतो. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. ते पान त्या त्या भाषेत, सही व दिनांकासह, प्रत्येक शिक्षकदालनात लागले, तर मोबाइलवरील अर्धवट पानांचे काम उरणार नाही.