यकृतांतील अर्बुदाची रसद

यकृतांत अर्बुद आहे असें ऐकतांच घरांत निराशा पसरते. परंतु यकृतास सुमारें ७५ टक्के रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेंतून मिळतें. अर्बुदाचें पोषण मात्र बहुतांशीं धमनीवर चालतें. म्हणून ‘एम्बोलायझेशन’ या उपचारांत जांघेंतून वा मनगटांतून बारीक नळी नेऊन, औषध व सूक्ष्म कण सोडून, धमनीची ती शाखा रोखतात. अर्बुद उपाशी पडतें, यकृत तगतें. २००२ सालीं बार्सिलोना व हाँगकाँग येथील चाचण्यांत निवडक रोग्यांचें आयुष्य यानें वाढल्याचें दिसलें.

नंतर कांहीं दिवस ताप, पोटदुखी, मळमळ संभवते. हा बहुधा समूळ उपाय नव्हे. यकृत फार क्षीण असल्यास घातकहि ठरतो. म्हणून वडीलधाऱ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, यकृतांत बळ किती उरलें आहे हें डॉक्टरांस प्रथम विचारावें, आणि उत्तर रोग्यापासून लपवूं नये.