सायकल शर्यतीचा अंदाज आणि तुमच्या धंद्याचा हिशोब: आधी घाट शोधा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वर्षाच्या विक्रीचा अंदाज कसा बांधायचा ते बघितलं. त्यात उदाहरण सायकल शर्यतीचं घेतलं होतं, पण वेळेअभावी ते अर्धवट राहिलं. ते आज नीट उलगडून सांगतो. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला आकडे लिहायचे आहेत.

सायकलच का? शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर जाऊन बघा. भाऊच्या धक्क्याहून आलेल्या रो-रोमधून महागड्या सायकली उतरतात आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूडच्या दिशेने जातात. आपल्यापैकी कित्येकजण याच मंडळींना पोहे, सोलकढी आणि खोली विकतात. ही मंडळी जुलैमध्ये टूर द फ्रान्स बघतात आणि कोण जिंकणार यावर तासन् तास वाद घालतात. जानेवारी २०२६ मध्ये तर पुण्यातच पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. म्हणजे हा अंदाजाचा खेळ आता आपल्या दाराशी आलाय. खेळ म्हणूनच घ्या हं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्येच झालाय. आपल्याला त्यातली फक्त विचार करायची पद्धत उचलायची आहे.

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय?

एकदम सोपं आहे. रोज एक टप्पा असतो. टूर द फ्रान्समध्ये असे २१ टप्पे असतात. प्रत्येक खेळाडूला रोज लागलेला वेळ लिहितात आणि सगळ्याची बेरीज करतात. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. त्याने एकही टप्पा जिंकला नाही तरी चालतं. २०१७ मध्ये ख्रिस फ्रूमने टूर जिंकली तेव्हा त्याच्या नावावर एकही टप्पा नव्हता.

हे वाचून काही आठवलं? तुमचं वर्षसुद्धा असंच असतं. बारा महिन्यांचे बारा टप्पे, आणि मार्चअखेर फक्त बेरीज.

पहिला प्रश्न: कोणती जर्सी?

"कोण जिंकणार?" हा प्रश्नच अर्धवट आहे. एकूण वेळेत पहिल्या असलेल्याला पिवळी जर्सी मिळते. गुणांसाठी हिरवी, डोंगर चढण्यासाठी लाल ठिपक्यांची, तरुण खेळाडूसाठी पांढरी. आपल्याकडेही हेच आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत आपल्या खोपोलीपासून बोरघाट सुरू होतो. जो घाटमाथ्यावर पहिला पोचतो तो 'घाटाचा राजा'. पण पुण्यात पहिला येणारा तोच असेल असं काही नाही.

धंद्यात "यंदा चांगलं चालेल का?" असं विचारू नका. विक्री वाढेल का, हातात रोख राहील का, की गिऱ्हाईक पुन्हा येईल का? यातलं काय ते आधी ठरवा. डिसेंबरला हाउसफुल्ल असलेला माणूस ऑगस्टमध्ये उसने मागताना दिसतो, कारण त्याने हिरवी जर्सी जिंकली आणि तिलाच पिवळी समजला.

दुसरा प्रश्न: वेळ कुठे जाणार?

नवा चाहता विचारतो, "हा कुठे जिंकेल?" मुरलेला चाहता विचारतो, "हा कुठे हरेल?" आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

२०२२ ची टूर घ्या. तादेय पोगाचार आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता. त्याने सहावा टप्पा जिंकला, सातवाही जिंकला. अंगात पिवळी जर्सी. बहुतेकांचा अंदाज त्याच्याच नावाचा. अकराव्या टप्प्यात आल्प्समधला कॉल द्यू ग्रानों हा घाट आला आणि तिथे तो योनास विंगेगार्डच्या मागे पडला, थोडाथोडका नाही, २ मिनिटं ५१ सेकंद. शर्यत संपली तेव्हा एकूण फरक किती होता? २ मिनिटं ४३ सेकंद. म्हणजे बाकीच्या वीस टप्प्यांची बेरीज धरली तर पोगाचार मागे नव्हता. एका दिवसाने तीन आठवड्यांची शर्यत नेली.

सपाट रस्त्यावर सगळे घोळक्यात एकत्र पोचतात, तिथे फरक सेकंदांचा पडतो. घाटात तो मिनिटांचा होतो. म्हणून जाणकार आधी नकाशा उघडतो, खेळाडूंची नावं नंतर बघतो.

आता आपला नकाशा

समजा नागावला तुमच्या तीन खोल्या आहेत. डिसेंबरमध्ये एक लाख जमा झाले. उत्साहात तुम्ही बाराने गुणलं आणि बारा लाख लिहिले. त्या भरवशावर नव्या खोल्यांसाठी कर्ज काढायचं ठरवलं, हप्ता महिना २५,००० रुपये.

थांबा. आता टप्प्याटप्प्याने मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

- डिसेंबर: १,००,०००
- मे: ८०,०००
- नोव्हेंबर, दिवाळीची सुट्टी धरून: ७०,०००
- जानेवारी: ६०,०००
- ऑक्टोबर, फेब्रुवारी, एप्रिल: प्रत्येकी ४५,०००
- मार्च, परीक्षांचा महिना: ३०,०००
- जून ते सप्टेंबर: प्रत्येकी २०,०००

बेरीज ५,५५,०००. बारा लाखांच्या निम्म्याहूनही कमी!

पण खरा धोका बेरजेत नाही, तो घाटात आहे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, समुद्र खवळलेला. या चार महिन्यांत जमा ८०,००० आणि हप्ते १,००,०००. वीजबिल, कामवाल्या मावशींचा पगार, घरखर्च अजून धरलेलाच नाही.

सायकल शर्यतीत प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेर पोचलात तर दुसऱ्या दिवशी सुरुवातच करता येत नाही, मग पुढचे टप्पे कितीही सोपे असोत. कर्जाचा हप्ता म्हणजे तीच मर्यादा. दिवाळीला पाहुणे येणारच आहेत हो, पण तोपर्यंत तुम्ही शर्यतीत राहायला हवं.

मग करायचं काय? घाट टाळता येत नाही, पण आधी दिसला तर तयारी करता येते. डिसेंबर आणि मेच्या कमाईतून पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढून ठेवा. बँकेत जाताना हा बारा महिन्यांचा तक्ता घेऊन जा आणि हप्ते हंगामाप्रमाणे बसवून मिळतील का ते विचारा. यंदा एकच खोली बांधा. एप्रिल-मेमध्ये आमसुलं, आगळ, पापड, मसाला करून ठेवा आणि पावसाळ्यात जुन्या पाहुण्यांना मुंबईला पाठवा.

आणि एक लक्षात घ्या, घाट सगळ्यांनाच मारत नाही. सपाटीवर सुसाट पळणारा तिथे मागे पडतो, हलका चढणारा पुढे जातो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ताज्या मासळीच्या खानावळीला तो घाट. पण जिने उन्हाळ्यात सुकट, बोंबील वाळवून ठेवले त्या ताईंचा तोच जिंकायचा टप्पा. रस्ता एकच, पाय कोणाचे त्यावर ठरतं.

अंदाज लिहायची पद्धत

१. एकच आकडा लिहू नका. प्रत्येक महिन्याला तीन लिहा: चांगला, बहुतेक होईल तो, आणि वाईट. कर्ज काढताना वाईट आकडा बघा.

२. खात्री टक्क्यांत लिहा. "मेमध्ये ८०,००० च्या वर जाईल, ७० टक्के खात्री." असे दहा अंदाज केलेत तर साधारण सात खरे ठरायला हवेत. चारच ठरले तर तुमची खात्री फुगलेली आहे, पुढच्या वेळी उतरवा.

३. तारीख घालून लिहा. निकाल लागल्यावर "मला माहीतच होतं" म्हणणारे गावोगाव भेटतात. वही खोटं बोलत नाही.

४. प्रत्येक टप्प्यानंतर पुढचे आकडे बदला. मात्र जुना खोडू नका, शेजारी नवा लिहा.

५. शेवटच्या टप्प्यापर्यंत थोडी जागा ठेवा. १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. २४.५ किलोमीटरचा एकच टप्पा उरला होता. तीन हजारांहून जास्त किलोमीटरची ती शर्यत ग्रेग लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. फेब्रुवारीत पुढे आहात म्हणून मार्चचे पैसे आधीच खर्च करू नका.

चाहत्याचा अंदाज चुकला तर मित्र हसतात, एक चहा पाजावा लागतो. आपला चुकला तर आईचे दागिने गहाण पडतात. म्हणून चाहत्यापेक्षा आपण जास्त काटेकोर असायला हवं.

आजचा गृहपाठ: बारा महिने एकाखाली एक लिहा. ज्या महिन्यात हप्ता आणि घरखर्च जमेपेक्षा जास्त आहे त्याभोवती लाल गोल करा. तो तुमचा बोरघाट. तिथे पैसे कुठून येणार हे त्याच ओळीत लिहून होईपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करायची नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!