दोनचा सदुसष्टावा घात, वजा एक

मंडळी, आजची संख्या वाचताना दम लागेल: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७वा घात, वजा १. मर्सेनने १६४४ मध्ये हिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. १८७६ मध्ये ल्युकाने ती मूळ नाही हे सिद्ध केलं, तेही एकही अवयव न सापडता! भाग जातो हे नक्की. कशाने, ते ठाऊक नाही. मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

शोधायला एक सोय आहे. हिच्या कुठल्याही अवयवाला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागलं की बाकी १ च उरते. तरी अशा संख्या ओळीने तपासत गेलात तर पहिला अवयव चौदा लाखांच्या पुढे कुठेतरी भेटतो. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक कोलने फळ्यावर गुणाकार मांडला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. करून बघा, पण कागदावर. साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर मावणार नाही.