कोंबडीचे अंग गरमच असते

सदर, गड्डीगोदाम परिसरातील जुन्या घरांच्या मागच्या अंगणात अजूनही चार-सहा कोंबड्या फिरताना दिसतात. त्यातली एखादी सकाळी खुराड्यातून बाहेर येत नाही, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते. घरातले कुणी तिला उचलते आणि म्हणते, ‘‘अंग तापलंय हिचं.’’ मग तापाची गोळी पाण्यात विरघळवली जाते.

चूक इथेच होते. कोंबडीचे नेहमीचे तापमानच १०६ ते १०७ अंश फॅरेनहाइट असते. माणसाचा ताप इतका चढला तर धावत दवाखाना गाठावा लागेल. कोंबडीच्या बाबतीत ते रोजचेच. पाहायचे ते वेगळे. तुरा फिका किंवा जांभळट पडला आहे का, विष्ठा हिरवट-पातळ आहे का, श्वासाला घरघर आहे का? घरट्यात ठाण मांडून बसलेली आणि हात लावताच चोच मारणारी कोंबडी बहुधा खुडूक असते. तिला औषध नकोच.

शेपटी खालीवर करत, उभट बसून कुंथणारी कोंबडी मात्र अंडे अडकल्याने हैराण असू शकते. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ते मिळत नाही. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवावे, मग अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नये. ते आत फुटले तर कोंबडी जाते. काही तासांत अंडे पडले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

तापाच्या गोळीने भागले नाही की घरात उरलेले अँटिबायोटिक निघते. इथे प्रश्न कोंबडीपुरता राहत नाही. बलकाची मोठी भर अंडे पडण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत पडते, आणि अंडाशयात एकापाठोपाठ एक असे अनेक बलक वाढत असतात. आज दिलेले औषध त्या साऱ्यांत उतरू शकते. कोंबडी दोन दिवसांत हिंडू लागली, तरी पुढच्या आठवड्याच्या अंड्यांतून ते घरातल्या लेकरांच्या ताटात येते. अंडे उकडल्याने ते जाईलच असे नाही. अशा तुटपुंज्या मात्रेतच जंतू औषधाला पुरून उरायला शिकतात. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. परसातल्या कोंबडीला कोण काय पाजते, ते कोण बघणार? पशुवैद्यकाने औषध लिहून दिले, तर किती दिवसांची अंडी टाकून द्यायची हेही त्याच वेळी विचारावे.

एकच कोंबडी मलूल असेल तर कारण बहुधा साधे असते. दोन दिवसांत दोन-तीन मेल्या तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, किंवा बर्ड फ्लूची शंका घ्यावी. नागपूरला हे नवे नाही. मार्च २०२४ मध्ये येथील शासकीय प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि सुमारे साडेआठ हजार कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनेच दगावले. तेव्हा ‘मरायच्या आधी कापून टाकू’ हा विचार सोडावा. आजारी पक्षी कापताना आणि सोलताना धोका फार. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकू नये, उघड्या हाताने उचलू नये. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. उरलेल्या कोंबड्या कुणाला देऊ नयेत, बाजारात विकू नयेत.

त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना कोंबड्यांबद्दल आपणहून सांगावे. शहरातल्या रुग्णाला तसे सहसा कुणी विचारत नाही.