गोडाची वाटी

माझी आजी पुरणपोळी खात नसे. घरात कुणी केली तर ती मुलांना वाढी, सुनेला वाढी आणि स्वतः भाकरी घेऊन बाजूला बसे. आम्हाला वाटे, आजीला गोड आवडत नसेल. पण दुपारच्या वेळी डब्यातला गुळाचा खडा दाताखाली धरून पाणी पिणारी आजी आम्ही रोज पाहत होतो. म्हणजे गोड आवडत होते. पोळीच नको होती.

मी कॉलेजात गेल्यावर तिने कारण सांगितले. मराठवाड्यातल्या आमच्या गावी सणाच्या दुसऱ्या दिवशी ती आपल्या आईबरोबर भाकरी मागायला जाई. एका वाड्याच्या दारात आदल्या दिवशीची पोळी वरून टाकली गेली. पदर चुकला आणि पोळी धुळीत पडली. तिच्या आईने ती उचलली, झटकली आणि घरी आणून लेकरांना वाटून दिली. "गोड होती रे बाबा," आजी म्हणाली, "म्हणून तर जास्त लागली."

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उष्टे, शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. तो संदेश आमच्या गावकुसाबाहेर पोचून अंगात मुरायला वेळ लागला. पण मुरला तो कायमचा. म्हणूनच गोडधोडाचा विषय निघाला की मला आधी चव आठवत नाही. तो घास कुणाच्या हातून आला आणि कसा आला, ते आठवते.

1972 च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे. कामावर सुकडी मिळे. गोडसर, कोरडी, घशाला चिकटणारी. वडील आजही तिचे नाव काढतात. ते म्हणतात, "ती मागून आणलेली नव्हती. रांगेत उभे राहून, कामावरचा माणूस म्हणून घेतलेली होती. पाटलाचा पोरगाही त्याच रांगेत होता."

पुढे वडील रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि आम्ही कल्याणला चाळीत राहायला आलो. आमच्या घरातले गोड तेव्हापासून दोन गोष्टींवर चाले: रेशनची साखर आणि ऋतू. पगाराच्या दिवशी वडील वर्तमानपत्राच्या कागदात पावशेर जिलेबी आणत. आई ती मोजून वाटी. कागदाला लागलेला पाक कुणी चाटायचा, यावरून आम्हा भावंडांत भांडण ठरलेले. बाकी महिनाभर आई ऋतूकडे पाहून चालायची, कारण ज्या ऋतूत जे पिकते तेच स्वस्त मिळते.

थंडीत नवा गूळ येई. ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत बाजारात गुळाच्या ढेपा रचलेल्या दिसतात. कोल्हापूरच्या गुळाला तर 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आई गावाहून आलेल्या माणसाकडे काकवीची बाटली मागवून घेई. गरम भाकरी, त्यावर काकवी, वर तेलाचे दोन थेंब. यापेक्षा मोठे पक्वान्न मला माहीत नव्हते. तीळ आणि चिक्कीचा गूळ सारख्या वजनाने घेऊन केलेले लाडू, कोवळ्या ज्वारीचा हुरडा आणि त्याबरोबर गुळाचा खडा, शेंगदाण्याची चिक्की ही सगळी थंडीचीच मिळकत. विदर्भातले आपले बांधव याच दिवसांत संत्री खातात आणि उन्हाळा लागताना पहाटे मोहफुले वेचायला जातात. वाळवलेली मोहफुले वर्षभर गोडाची उणीव भरून काढतात.

चैत्रात 14 एप्रिलला भीमजयंती. त्या दिवशी सकाळी घराघरांतून शिऱ्याचा वास येतो आणि उन्हात चालून आलेल्या माणसाला वस्तीतली पोरे हाताला धरून सरबत पाजतात. तो ग्लास कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, असे कुणी विचारत नाही. मला वाटते, आपल्या समाजाने पाण्यासाठी जे सोसले, त्याला यापेक्षा सुंदर उत्तर नाही.

त्यानंतर आंबा, आणि वैशाख पौर्णिमेला खीर. उरुवेलेला सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, असे बौद्ध परंपरा सांगते. उपासाने शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी घेतलेले ते अन्न होते. घरातल्या मुलांना ही गोष्ट खीर वाढतानाच सांगावी. वाटीबरोबर ती लक्षात राहते.

आमच्या आईची खीर साधी. आठ माणसांना एक लिटर दूध, अर्धी वाटी रोजचाच तांदूळ. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा, हाताने जरा चुरायचा आणि उकळत्या दुधात मंद आचेवर पाऊण तास शिजवायचा. अर्धी वाटी साखर आणि दोन-तीन वेलदोड्यांची पूड. गूळ घालायचा असेल तर भांडे उतरवून खीर कोमट झाल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते.

ही खीर आई शेजारी पाठवत असे. एका वर्षी मी वाटी देऊन आलो. थोड्या वेळाने आई नळावर गेली, तर शेजारच्या वहिनी ती खीर मोरीत ओतताना तिला दिसल्या. दोघींची नजरानजर झाली. आई काही बोलली नाही. हंडा भरून घरी आली आणि उरलेली खीर आम्हाला वाढली. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचे ताट आले. मी म्हणालो, "आई, परत पाठव." आई म्हणाली, "त्यांनी केलं ते त्यांच्यापाशी. आपल्या हातून अन्न वाया जायचं नाही." तिने फराळ घेतला, ताट धुतले, त्यात मूठभर साखर घातली आणि परत दिले. मात्र पुढच्या वैशाखात आईने वाटी पाठवली नाही. त्या संध्याकाळी वहिनींची धाकटी मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, या वर्षी खीर नाही का?" आईने तिला आत बसवले आणि आमच्याच ताटाशेजारी ताट मांडले. ती पोटभर जेवली. तिला हाक मारायला वहिनी आल्या, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि मग आत येऊन बसल्या. त्यांनीही वाटी घेतली. झालेल्या गोष्टीबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत.

फराळ घ्यावा की नाही, असे आपल्याकडे आजही विचारले जाते. पूजाअर्चा आपली नव्हे, हे खरे. पण शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला लाडू हा शेजाऱ्याचाच लाडू असतो. अट एकच. ताट दोन्ही बाजूंनी फिरले पाहिजे. एकाच बाजूने येणारे ताट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

पावसाळ्यात जांभळे, आणि आषाढात कापण्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या, वर खसखस लावून तळलेल्या. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ दिवस टिकतात. याच दिवसांत वर्षावास सुरू होतो. विनयपिटकात आजारी भिक्षूंना पाच औषधे घ्यायला मुभा आहे: तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवीसारखा उसाचा पदार्थ. पण ही औषधे सात दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाहीत, असाही नियम आहे. गोड नाकारलेले नाही, त्याला माप दिले आहे.

हे माप आता आमच्या घरी उपयोगी पडत आहे. आईला मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. म्हणजे सहा चहाचे चमचे. आम्हा कारकून माणसांना हिशेब पटकन कळतो: दोन-दोन चमच्यांचे तीन चहा, की खाते बंद. गूळ आणि मधही याच खात्यात धरायचे. गुळाने साखर वाढत नाही हा समज आपल्या वस्त्यांत फार आहे आणि तो चुकीचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचे बोटही लावू नये. तेव्हा माझे मायभगिनींना सांगणे एवढेच, की रोजच्या चहातली आणि पाकिटातल्या बिस्किटांतली साखर कमी करा आणि ती ऋतूच्या गोडासाठी शिल्लक ठेवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

गेल्या वैशाख पौर्णिमेला आईने खीर केली. शेजारची ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. ती मुलांना घेऊन आली होती. आईने सगळ्यांना सारख्या वाट्या भरल्या आणि स्वतःच्या वाटीत दोन चमचे घेतले. वडिलांनी विचारले, "एवढीशीच?"

आई म्हणाली, "पंगतीत बसून खाल्लं की एवढीशी पुरते."