मंजुरीपत्र हाती, राजीनामा खिशात

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतून जी मराठी कुटुंबे राजधानीत येऊन सुलतान बाजार, काचीगुडा, कोठी या वस्त्यांत स्थिरावली, त्यांच्या जीवनक्रमात स्वतःचे घर ही बहुधा अखेरची गोष्ट असे. शिक्षण, मग एखाद्या सरकारी महकम्यात नेमणूक, मुलांच्या शाळा, मुलींची लग्ने, आणि हे सारे यथासांग पार पडल्यावर निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून चार खोल्यांचे बांधकाम, असा तो क्रम होता. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना करून मध्यमवर्गीय पगारदाराला दीर्घ मुदतीचे गृहकर्ज देण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्याच्या प्रसाराबरोबर हा क्रम हळूहळू उलटा झाला. घर सेवेच्या आरंभीच होऊ लागले. जे पूर्वी झालेल्या कमाईवर उभे राहत असे, ते अद्याप व्हावयाच्या कमाईच्या भरवशावर उभे राहू लागले. तारण म्हणून सदनिकेचे दस्तऐवज बँकेच्या तिजोरीत जातात हे खरे. परंतु सदनिका विकून वसुली करणे हा बँकेचा अखेरचा आणि नकोसा उपाय असतो. तिचा खरा विश्वास असतो तो दर महिन्याला ठरल्या तारखेस खात्यावर जमा होणाऱ्या पगारावर.

आता ज्या शहरात हा विश्वास ठेवला जातो त्या शहराचे आजचे रूप पाहावे. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते माधापूर येथील सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतरच्या पाव शतकात गच्चीबावली, नानकरामगुडा, कोकापेट असा पश्चिमेकडे सरकत गेलेला जो नवा हैदराबाद निर्माण झाला, तेथे दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणे हे चंचलपणाचे लक्षण मानले जात नाही. पगार वाढविण्याचा तोच सर्वांत प्रचलित मार्ग आहे. लातूर-नांदेडकडून आलेले आमचे तरुण या शहरात हेच करतात आणि त्यात वावगे काही नाही. अडचण एवढीच की घर घेण्याचे वय आणि नोकरी बदलण्याचे वय एकच आहे, आणि पुष्कळदा महिनाही एकच निघतो.

कर्जाची दरखास्त दिल्यावर तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, दोन वर्षांचे फॉर्म सोळा आणि सहा महिन्यांचा खातेउतारा यांवरून बँक पात्रता ठरविते आणि मंजुरीपत्र देते. हे पत्र हाती पडताच घरात पेढे वाटले जातात, कारण आपले काम झाले असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः मंजुरी म्हणजे रक्कम नव्हे. ती साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या मुदतीची असते, आणि अर्जदाराच्या परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास तो कळविणे बंधनकारक असून तसे झाल्यास मंजुरी फेरविचारास पात्र राहील, अशा आशयाचे कलम तीत बहुधा असते. कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, बोजाविरहिततेचा दाखला, करारनामा या पायऱ्या चढून पहिला धनादेश निघेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि या मधल्या काळात बँक पुन्हा एकदा खातरजमा करून घेऊ शकते.

ती खातरजमा बहुधा एका साध्या दूरध्वनीने होते. बँकेने नेमलेल्या संस्थेचा कर्मचारी अर्जदाराच्या कार्यालयात फोन लावतो, किंवा मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवितो, आणि अमुक गृहस्थ आपल्याकडे अद्याप सेवेत आहेत काय, एवढेच विचारतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या अनेक कंपन्यांत राजीनाम्यानंतरची मुदत तीन महिन्यांची असते. त्यामुळे राजीनामा दिलेला माणूस रोज त्याच खुर्चीवर बसत असतो, त्याला पूर्ण पगार मिळत असतो, आणि तरीही पलीकडून उत्तर जाते की ते सध्या नोटीस पिरियडवर आहेत. या एका वाक्यासरशी फाईल थांबते. जुनी नोकरी संपणार हे लेखी झालेले असते, नवी सुरू झाल्याचा पुरावा अद्याप कोणाजवळही नसतो.

अशा वेळी गावाकडून वडील विचारतात, "अरे, पगार वाढतोय ना तुझा? मग बँकेला अडचण कसली?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत आहे. समजा, जुन्या नोकरीत दरमहा दीड लाख रुपये हाती येत होते आणि ते सर्व निश्चित वेतन होते. नव्या नोकरीत वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १ लाख ८० हजार पडतात. परंतु त्यांपैकी ४५ हजार कामगिरीवर अवलंबून असून वर्षाअखेरीस मिळावयाचे आहेत, म्हणजे निश्चित वेतन १ लाख ३५ हजारच राहते. न मिळालेला बोनस हिशेबात न धरणारी आणि निश्चित उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करणारी एखादी बँक पूर्वी ७५ हजारांचा हप्ता मान्य करीत असेल, तर ती आता साडेसदुसष्ट हजारांचाच मान्य करील. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखास सुमारे ८६८ रुपये पडतो. तेव्हा मासिक उत्पन्न वीस टक्क्यांनी वाढलेल्या या माणसाची कर्जपात्रता साडेआठ लाखांहून अधिक रकमेने घटते. शिवाय परिवीक्षेचा काळ पूर्ण झाल्यावाचून नवे वेतन ग्राह्य न धरणाऱ्या बँका आहेत, आणि मालक कंपन्यांची श्रेणीवार यादी बाळगून नवख्या कंपनीच्या नोकराकडे अधिक सावधपणे पाहणाऱ्याही आहेत. पगारी नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार होणाऱ्याची गोष्ट याहून कठीण, कारण त्याच्याकडे दोन-तीन वर्षांची व्यवसायाची विवरणपत्रे मागितली जातात.

ही घट भरून काढावयाची कोठून? १ कोटी २० लाखांच्या सदनिकेवर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९० लाखांपर्यंतच कर्ज मिळू शकते. उरलेले ३० लाख घरचे, आणि तेलंगणात मुद्रांक, हस्तांतरण व नोंदणी मिळून पडणारे साडेसात टक्के, म्हणजे आणखी ९ लाख, तेही घरचेच, कारण एवढ्या किमतीच्या घरास हा खर्च कर्जात धरता येत नाही. स्थावर संपदा कायद्याच्या १३व्या कलमान्वये नोंदणीकृत करारनाम्याशिवाय विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ग्राहकाला मोठे संरक्षण आहे. परंतु करारनामा झाल्यानंतर वेळेवर पैसे न देणाऱ्या ग्राहकावर त्याच कायद्याचे १९वे कलम व्याज भरण्याची जबाबदारी टाकते. बँकेचा निर्णय लांबला, म्हणून ती जबाबदारी आपोआप थांबत नाही.

नोकरी बदलणारा माणूस निदान स्वतःच्या इच्छेने बदलतो. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्याच सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबांतील लबाडीची कबुली दिली, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकाची पत, त्यांनी कोणताही राजीनामा दिलेला नसताना, एका दिवसात नाहीशी झाली. सत्यमच्या माधापूरमधील इमारतींत त्या सकाळी कामावर आलेल्या ज्या कोणाची फाईल मंजुरी आणि वितरण यांच्या दरम्यान असेल, त्याच्या पगारपत्रिकेवरचे नाव तेच होते, पण त्या नावाचे मोल तेच राहिले नव्हते. केंद्र सरकारने नेमलेल्या नव्या संचालक मंडळात एचडीएफसीचे दीपक पारेख होते, आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राची निवड होऊन त्या कंपनीला स्थैर्य लाभले. नोकरी न बदलणे म्हणजे सुरक्षितता, असा जो सल्ला वडीलधारी मंडळी मनापासून देतात, त्याची मर्यादा हैदराबादइतकी दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

म्हणूनच नोकरी बदलूच नये असे मी म्हणणार नाही. कोकापेट-नार्सिंगीच्या उत्तुंग इमारतींत घर घेणाऱ्याला तो सल्ला पाळताही येणार नाही. तेथे रक्कम एकदम न जाता स्लॅबगणिक जाते: विकासकाचे मागणीपत्र येते, बँकेचा अभियंता बांधकाम पाहून येतो आणि तेवढाच हप्ता सुटतो. ताबा मिळेपर्यंत तीन-चार वर्षे जातात. एवढा काळ माणसाने एका जागी खिळून राहावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. सुदैवाने पहिली उचल झाल्यानंतर, हप्ते वेळेवर जात असतील तर, बँका पुढच्या प्रत्येक टप्प्याला उत्पन्नाची शहानिशा नव्याने सहसा करीत नाहीत. खरा नाजूक काळ दरखास्तीपासून पहिल्या उचलीपर्यंतचा. रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे ढकलून मागता आली, तर ती याच काळासाठी मागावी. पतिपत्नी दोघेही अर्जदार असतील, तर दोघांनी एकाच वेळी नोकरी बदलू नये.

आणि बदलावीच लागली, तर बँकेला आपण होऊन सांगावे. लपविण्याचा मोह मला समजतो. वर्षानुवर्षे पैसे साठवून घराच्या उंबरठ्याशी आलेल्या माणसाला आपल्याच तोंडाने अडथळा उभा करणे जड जाते. परंतु ही गोष्ट लपत नाही. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सदस्याला जो एकच कायम क्रमांक मिळतो, त्याच्याशी जोडलेल्या नोंदींत नव्या मालकाची वर्गणी दिसू लागते, आणि खोटे निवेदन सिद्ध झाले तर केवळ विलंब नव्हे, मंजुरी रद्द होण्याचीच वेळ येते. त्यापेक्षा नव्या कंपनीचे नियुक्तिपत्र, त्यातील निश्चित वेतनाचा तपशील, राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आणि रुजू झाल्यावर पहिली पगारपत्रिका, असा संच करून शाखाधिकाऱ्याच्या हाती द्यावा आणि पोच घ्यावी. दोन नोकऱ्यांमध्ये खंड पडू देऊ नये. जुन्या कंपनीचा अखेरचा हिशेब पुष्कळदा महिना-दीड महिना उशिरा हाती येतो, तेव्हा तेवढ्या काळाची शिल्लक आधीच बाजूला काढलेली असावी. नवी कंपनी पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत उघडते आणि कर्जाचा हप्ता मात्र जुन्याच खात्यातून कापला जात राहतो, याकडेही लक्ष असावे. त्या रिकाम्या खात्यावरून परत गेलेला एक हप्ता पुढे पतअहवालात दिसत राहतो.

बँकांकडूनही मला एक अपेक्षा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर व्याज, शुल्के आणि एकूण वार्षिक खर्च सांगणारे मुख्य तथ्य-विवरण ग्राहकाला द्यावे लागते, ही अतिशय स्वागतार्ह गोष्ट आहे. पण नोकरी बदलल्यास काय होईल, हे त्यात कोठेही नाही. ते कलम मंजुरीपत्राच्या मागच्या पानांवर, बारीक टाइपातल्या अटींत राहते. त्याच विवरणात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, चार ओळी छापाव्यात: नोकरी बदलल्यास किती दिवसांत कळवायचे, कोणते कागद द्यायचे, फेरतपासणी किती दिवसांत पूर्ण होईल, आणि मंजूर रक्कम कमी करावयाची झाल्यास ग्राहकाला विकासकाकडे मुदत मागता यावी म्हणून ते लेखी कधी कळविले जाईल.