एका पायाखालचे दोन ब्रेक



बाण्याचा धागा तुटला कीं चालता यंत्रमाग आपोआप थांबतो, हें कबनूर-इचलकरंजीकडील घराघरांत ठाऊक आहे. माग थांबला म्हणून तो मोडींत निघाला असें तेथें कोणी मानीत नाहीं. कांडी संपली, कीं धागा तुटला, कीं खरोखरच एखादा भाग झिजला, हें प्रथम पाहतात आणि मगच जॉबरला हांक मारतात. घरच्या मोटारीच्या बाबतींत मात्र हा विवेक आपल्याकडून सुटतो. पेट्रोल आणि वीज अशा दोन शक्तींवर चालणारी हायब्रिड गाडी असेल आणि तिच्या ब्रेकचा दिवा लागला, तर आपण एक तर त्याकडे दुर्लक्ष करतों, नाहीं तर सांगितली जाईल ती रक्कम मुकाट्यानें मोजून मोकळे होतों. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर आपल्या पायाखालीं काय चालतें हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

साध्या गाडींत पेडल दाबलें कीं तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो, पॅड तबकडीवर आवळले जातात, आणि गाडीची गति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. हायब्रिड गाडींत याखेरीज दुसरा एक ब्रेक असतो. चाकें फिरविणारी विजेची मोटर अशा वेळीं उलट काम करूं लागते. चाकेंच तिला फिरवितात, त्यांतून वीज उत्पन्न होते व ती बॅटरींत सांठते. या कामीं गति खर्च होते आणि गाडी मंदावते. पेडल एकच; परंतु किती भार मोटरीनें घ्यावा आणि किती तेलाच्या ब्रेकनें, हें गाडींतील गणकयंत्र क्षणोक्षणीं ठरवितें. गाडी अगदीं थांबण्याच्या बेतांत आली म्हणजे बहुतेक सर्व काम तेलाच्या ब्रेककडे येतें.

आणखी एक भेद आहे. साध्या पेट्रोल गाडींत चालत्या इंजिनाच्या ओढीनें पायाला मदत मिळते. हायब्रिडचें इंजिन वारंवार बंद असतें, म्हणून तेथें ही मदत अन्य मार्गानें मिळवावी लागते. कित्येक गाड्यांत त्यासाठीं विजेचा लहान पंप असतो, आणि नायट्रोजन वायु भरलेल्या एका कुपींत तेलाचा दाब सांठवून ठेवलेला असतो. पंप, झडपा आणि गणकयंत्र हीं बहुधा एकाच जोडणींत बसविलेलीं असतात. त्यांतील एक भाग निकामी झाला तरी पुष्कळदां सबंध जोडणी बदलावी लागते. दुरुस्ती महाग पडते ती मुख्यतः याच कारणानें.

येथें दोन घडलेल्या गोष्टी सांगतों. टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी १९९७ सालीं जपानांत विक्रीस आली. पुढें २०१० सालीं खाचखळग्यांच्या वा निसरड्या रस्त्यावर तिचा ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीनें प्रियस व तिच्या जातीच्या सुमारें ४ लक्ष ३७ हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. दोष गणकयंत्राच्या आज्ञावलींत होता. ती सुधारतांच काम भागलें. २०१३ सालीं पुन्हां सुमारें २ लक्ष ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. या खेपेस वर सांगितलेल्या कुपींतील वायु तेलांत झिरपण्याची भीति होती, आणि त्यावर भाग बदलण्यावांचून इलाज नव्हता. पेडलाची तक्रार वरवर सारखीच. पण एकीचा उपाय आज्ञावली, दुसरीचा नवा भाग. निदानावांचून उपचार करणें किती फसवें, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां आपल्या रस्त्यावर येऊं. समजा, कबनूरचें एक कुटुंब कोल्हापूर, मलकापूर या मार्गानें आंबा घाट उतरून रत्नागिरीस निघालें आहे. माणसांसह गाडीचें वजन १५०० किलो धरलें आणि उतार ५०० मीटर उंचीचा मानला, तर त्या उतरणींत सुमारें २ युनिट विजेइतकी शक्ति आंवरावी लागते. २०२२ पासून आपल्याकडे आलेल्या ग्रँड विटारा व हायरायडर या हायब्रिड गाड्यांची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची आहे. अर्थातच निम्म्या घाटांतच ती भरते, मोटरीचा ब्रेक ढिला पडतो आणि सारा भार पॅडांवर येतो. ज्या गाड्यांत दांड्यावर ‘बी’ ही खूण असते, त्यांत ती घाटाच्या माथ्यावरच लावावी, म्हणजे इंजिनाचा अडसर मिळतो. उतारावर पेडलावर सतत पाय ठेवून बसूं नये.

तेलाची काळजीही याच कारणासाठीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें ताजें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येते. तेल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतें. म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतींत तेल बदलावें. पॅड कमी वापरले जात असल्यानें ते पुष्कळ दिवस टिकतात हें खरें. पण त्याच कारणानें पावसाळ्यांत तबकड्या गंजतात आणि पॅडांच्या सरकत्या खिळ्या अडकतात. वर्षांतून एकदां त्या साफ करवून घ्याव्यात.

आतां खुणा ओळखण्याविषयीं. दार उघडतांना अगर पेडल दाबल्यावर क्षणभर पंपाची घरघर ऐकूं आली तर ती स्वाभाविक आहे. पाय पेडलावर नसतांही पंप दर कांहीं क्षणांनीं चालूं लागला, तर दाब कोठें तरी गळत आहे असें समजावें. तांबडा दिवा लागला, अगर पेडल दगडासारखें कठीण झालें, तर गाडी सुरक्षित जागीं थांबवून ती ओढून न्यावी. चालतांनाच तसें झालें, तर पेडल वारंवार मारूं नये. त्यानें उरलेला दाब संपतो. तें एकदांच, सर्व जोर लावून, दाबून धरावें. पंपाची मदत गेली तरी तेलाचा सरळ मार्ग उरेल अशी योजना या गाड्यांत असते.

खर्चास मान्यता देण्यापूर्वी चार गोष्टी कराव्या. पहिली, १२ व्होल्टची लहान बॅटरी तपासावी. ती दुबळी झाली कीं अनेक दिवे विनाकारण लागतात. दुसरी, दोषाचा संकेतांक लेखी मागावा आणि त्यावरून कोणता भाग कां बदलावा लागतो तें विचारावें. तिसरी, चासी क्रमांक देऊन, ही गाडी कंपनीनें परत बोलाविलेल्यांपैकीं आहे काय, याची चौकशी करावी. तशी असल्यास ती दुरुस्ती फुकट व्हावयास हवी. चौथी, हमीची मुदत पाहावी व दुसऱ्या जाणकाराचें मत घ्यावें. मात्र स्वस्त पडतें म्हणून ज्याच्याजवळ या गाडीचें तपासणीयंत्र नाहीं अशा मिस्त्रीस पंपाला हात लावूं देऊं नये. गाडी बंद दिसत असतांही पंप अचानक दाब देऊं शकतो, आणि नारिंगी तारांतून जिवावर बेतणारी वीज खेळत असते.

इतकें करूनही फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. त्या वेळीं संकेतांकाचा कागद, बिल आणि काढलेला जुना भाग हेच आपले साक्षीदार होत. ते मागून घेण्यास संकोच करूं नये. धागा पाहिल्यावांचून जॉबरला पैसे मोजणारा मागवाला विरळा. मोटारवाल्यानेंही तितकी दक्षता ठेवली, तर घाटांतला प्रवास आणि घरचा पैसा दोन्ही सुरक्षित राहतील.